आधी पाणी, मग काटा

विश्रांतवाडी,
१७ नोव्हेंबर १९९६

घरात जाड आणि मैदानावर जड ठरवल्या गेलेल्या माझ्या मुलींनो,

पाकिटावर नाव माझ्या भाचीचं, मैनाचं आहे. पण पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. सराव संपला की मैदानाच्या कडेला बसा आणि तिला मोठ्यानं वाचायला सांगा. मैना, माझ्या आवाजात वाच, पुटपुटू नकोस. मी आयुष्यभर कारखान्यांच्या दारात उभी राहून बायकांपुढे बोलले. आता कान गेले, फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिते. कान गेले तरी बोलायची खोड काही गेलेली नाही.

तुमची तक्रार मला कळली आहे. लग्नात भेटलेली प्रत्येक मावशी आधी तुमच्या दंडाला चिमटा घेते आणि मग नाव विचारते. गणवेशाचं माप घेणारा शिंपी टेप ताणत हसतो. आणि आता तुमच्या मंडळाचे सर्जेराव सर सांगतात की फेब्रुवारीतली कबड्डीची स्पर्धा पन्नास किलोच्या गटाची आहे, काटा त्याच्या वर गेला की घरी बसायचं. तेव्हा सरावाला पाणी बंद, तहान मारा, स्वेटर घालून पळा!

मुलींनो, धुतलेलं लुगडं पिळलं की हलकं होतं. त्यातलं सूत कमी झालं का? बादलीत बुडवा, पुन्हा तेवढंच जड. तहान मारून उतरवलेलं वजन म्हणजे त्या लुगड्यातलं पाणी. चरबी जागच्या जागी बसून तुम्हाला हसते आहे. आटतं ते रक्त, थकतं ते काळीज, गोळे येतात ते पायांत.

आणि उलट बाजूनं कुणी सांगितलं की पाण्यानं चरबी वितळते, तर त्यालाही मैदानाबाहेर काढा. मी वाचनालयातून शरीरशास्त्राची पुस्तकं आणून वाचली आणि इथल्या डॉक्टरीणबाईंशी वाद घालून खात्री करून घेतली. पाणी जादू करत नाही. ते फक्त साखरेची जागा घेतं. तहान लागली की तुम्ही रंगीत सरबत पिता, गोड चहा पिता. त्या जागी पाणी आलं की तेवढी साखर पोटात जात नाही. पुष्कळदा तहानेलाच आपण भूक समजतो आणि फरसाणाचा डबा उघडतो. जेवणाआधी पेलाभर पाणी प्यायलं तर ताटावर तुटून पडायला होत नाही. आणि अंगात पाणी असलं तरच पळता येतं, आणि पळालात तर उतराल. बाकी भाकरी, भाजी, डाळ, दूध पोटभर. वाढत्या वयात उपाशी राहणं हा गुन्हा आहे. घागरीच्या घागरी रिचवू नका, तहानेला पाणी द्या, एवढंच.

मैना, तुझं वजन साडेबावन्न. तुला उतरायची गरज तरी आहे का, हे आधी डॉक्टरांना विचार. मैदानावरच्या सरांना नव्हे.

तुमची,
विजयमालाआत्या

*

कोथरूड,
१ डिसेंबर १९९६

ती. आत्यास,
मैनाचा नमस्कार.

पत्र वाचलं. तुझ्या आवाजात वाचलं, त्यामुळे पलीकडे चाललेलं मुलांचं क्रिकेट थांबलं. सर मागे येऊन उभे राहिले होते ते मला दिसलंच नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, "आत्याबाईंना नमस्कार कळव. आणि सांग, भाषणानं वजन उतरत असतं तर एकाही पुढाऱ्याला पोट नसतं."

सगळ्या हसल्या. मीपण हसले, रागावू नकोस.

फक्त जुबेदा हसली नाही. ती आमची कॅप्टन, चौकातल्या सायकलच्या दुकानाच्या अय्युबचाचांची मुलगी. ती चढाईला गेली की समोरच्या मुली आपोआप दोन पावलं मागे सरकतात. ती म्हणाली, "सर, पण लुगड्याचं खरं आहे."

सर म्हणाले, "तू लुगडं नेसतेस का? मग गप्प बस."

डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी उंची, वजन बघितलं आणि म्हणाले, थोडं उतरलं तर चालेल, पण हळूहळू. आणि पन्नासच्या फार खाली जायचं नाही. आईला म्हणाले, हिचा चहा कमी करा. आपल्याकडे चहा म्हणजे पितळी पेला भरून, वर साखर, हे तुला माहीत आहेच. आता मी त्या वेळी पाणी पिते, तर आईचं सुरू होतं, "पोरगी हाय का म्हैस? उठलं की पाणी, बसलं की पाणी!"

पण आत्या, 'पाणी प्या' म्हणणं सोपं आहे. आमच्या शाळेत मुलींच्या संडासाला कुलूप असतं आणि किल्ली शिपाईमामांकडे. मुलांच्या वर्गासमोर उभं राहून ती मागावी लागते. ते मोठ्यानं विचारतात, "कशाला?" म्हणून आम्ही अर्ध्याअधिक मुली सकाळपासून शाळा सुटेपर्यंत पाणी पीतच नाही. सुटली की जीभ टाळ्याला चिकटलेली असते, मग फाटकाबाहेरच्या टपरीवर नारिंगी सरबत. तू म्हणतेस ती साखर तिथे पोटात जाते. तुझ्या पुस्तकात कुलपाचं काही लिहिलंय का?

तुझी,
मैना

*

विश्रांतवाडी,
८ डिसेंबर १९९६

चि. मैना,
अनेक आशीर्वाद.

सर्जेराव सरांचा टोला मान्य. त्यांना कळव, पुढाऱ्यांची पोटं भाषणानं सुटत नाहीत, भाषणानंतरच्या चहापाण्यानं सुटतात.

कुलपाचं पुस्तकात नाही, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांना कुणी कधी "कशाला?" असं विचारलेलं नाही. तुझं पत्र वाचून मी खोलीत येरझारा घातल्या. मुलींना पाणी तोडायचं, त्यांनी सरबत प्यायलं की जाड म्हणायचं, आणि जाड म्हटलं की पुन्हा पाणी तोडायचं! वा रे न्याय!

एकटीनं किल्ली मागू नकोस. मधल्या सुट्टीत सगळ्याजणी एकदम जा. रांग लावा. त्यांनी पहिलीला "कशाला?" विचारलं की मागच्या सगळ्याजणींनी मिळून, मोठ्यानं आणि अतिशय अदबीनं उत्तर द्या. तू असं काही करशील याबद्दल मला शंका नाही; तुझ्यात आमच्या घरातला हट्ट आहे. पण रांगेत पहिली कोण उभी राहते ते मला कळव. त्या मुलीला मला नीट ओळखून ठेवायचं आहे.

विजयमालाआत्या

*

कोथरूड,
१९ जानेवारी १९९७

ती. आत्या,

पहिली जुबेदा उभी राहिली.

शिपाईमामांनी "कशाला?" विचारलं, आणि आम्ही असं उत्तर दिलं की मुख्याध्यापिका बाई चष्मा हातात घेऊन बाहेर आल्या. रांग जिन्यापर्यंत गेली होती. दुसऱ्या दिवसापासून किल्ली मुलींच्या वर्गात खिळ्याला आहे. नंतर मी जुबेदाला म्हटलं, तुला भीती नाही वाटली? तर म्हणाली, "वाटली ना. म्हणून तर पुढे गेले. मागे उभी राहिले असते तर पळाले असते."

आता वजनाचं. पहिले काही आठवडे काटा हललाच नाही. किराणा दुकानाच्या तराजूवर चढून मी तिथेच रडले. दुकानदार संपतकाका म्हणाले, "बाई, दुसरं गिऱ्हाईक आहे, पोत्यावर बसून रड." मग हळूहळू उतरायला लागलं. सरबत बंद, चहा सकाळी एकदाच, दप्तरात पाण्याची बाटली. भूक नेहमीसारखी लागते आणि मी जेवते. पण खरी गंमत सरावात आहे. पूर्वी दुसऱ्या डावात माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आता शेवटपर्यंत दम टिकतो. सरांनी परवा विचारलं, "दम वाढलाय. काय खातेस?"

मी म्हटलं, "पाणी."

"पाणी खातेस?" म्हणाले आणि शिट्टी वाजवत निघून गेले. पण त्या दिवसापासून मी बाटली उघडली की ते दुसरीकडे बघतात.

जुबेदा गेल्या वर्षभरात केवढी उंच झाली आहे! माझ्या कानाशी होती, आता मी तिच्या. त्यामुळे तिचंही वजन पन्नासच्या वर गेलं आहे. सध्या रमझान आहे, ती रोजे धरते आणि तरी सरावाला येते. सर तिला सावलीत बस म्हणतात, पण ती स्वेटर घालून पळते. मी विचारलं, तुला तहान नाही लागत? म्हणाली, "रोजा आहे ना." मग मी काय बोलणार?

तुझी,
मैना

*

विश्रांतवाडी,
२६ जानेवारी १९९७

चि. मैना,

तुझं पत्र मी शेजारच्या सोजरबाईंना वाचून दाखवलं. त्या जिन्यापर्यंतच्या रांगेला एवढ्या हसल्या की त्यांचा ठसका थांबेना. त्यांना मी पाणी दिलं. आजचा झेंडा मला तुमच्या शाळेतल्या त्या खिळ्यावर दिसला.

जुबेदाला माझा सलाम सांग. दिवसभर अंगावर ताबा ठेवायचा, आणि तो कुणाला दाखवण्यासाठी नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. मी स्वतः कुठलाच उपवास करत नाही, पण जी मुलगी मनापासून करते तिच्यापुढे मी मान झुकवते. आणि ती रांगेत पहिली उभी राहिली! अशा मुली मी कारखान्यांच्या दारात पाहिल्या आहेत. हजारांत एखादीच असते.

तुझ्याबद्दल एकच बजावते. पन्नासखाली आलीस तर आनंद आहे. नाही आलीस तर वरच्या गटात खेळ, तुझं शरीर तिथलं आहे असं समज. पण शेवटच्या दोन दिवसांत भिऊन पाणी तोडू नकोस. तीन महिन्यांची कमाई लुगड्यासारखी पिळून घालवशील.

विजयमालाआत्या

*

कोथरूड,
१३ फेब्रुवारी १९९७

ती. आत्या,

घाईत लिहितेय. रविवारी सकाळी वजन आणि संध्याकाळपासून सामने. संपतकाकांच्या तराजूवर मी पन्नासच्या जरा खाली आहे. जरासंच. काका म्हणाले, "एक बटाटा काढला तर अजून खाली जाशील." मला रोज स्वप्न पडतं की मी काट्यावर उभी आहे आणि सर हात पाठीमागे बांधून बघतायत. मला ही स्पर्धा खेळायची आहे आत्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघून 'जाड' न म्हणता 'चढाईला जा' म्हणणार आहे.

परवा ईद झाली. हुस्नबानूचाचींनी, म्हणजे जुबेदाच्या आईनं, आम्हा सगळ्यांना शीरखुर्म्याला बोलावलं होतं. जुबेदानं एक चमचा खाल्ला आणि वाटी माझ्याकडे सरकवली. तिचे गाल आत गेले आहेत. सरावालाही पाणी घेत नाही. म्हणाली, ईदनंतरचे सहा रोजे धरलेत. ते सक्तीचे नसतात, ज्याला हवे तो धरतो. तुझा सलाम सांगितला तेव्हा ती खाली बघायला लागली. लाजली असेल.

तुझी,
मैना

*

कोथरूड,
१८ फेब्रुवारी १९९७

ती. आत्या,

मी स्पर्धा खेळले नाही. सगळं पहिल्यापासून सांगते.

वजनाची रांग मैदानभर होती. पुण्यातल्या सगळ्या मंडळांच्या मुली, आणि वर ऊन. सावली फक्त पंचांच्या टेबलावर. जुबेदा माझ्यापुढे होती. तिचे ओठ फुटले होते. ती काट्यावर चढली, काटा बरोबर पन्नासवर थांबला, आणि दत्तोबा पंचांनी मान हलवली. आम्ही टाळ्या वाजवल्या. ती खाली उतरली, माझ्याकडे बघून हसली, माझा खांदा धरला आणि तशीच खाली घसरली.

सरांनी तिला उचललं. समोरच्या दवाखान्यापर्यंत पळत नेलं, मी मागे. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच राहिलेलं नाही, आणि सलाइन लावलं. अय्युबचाचा दुकानातून गिऱ्हाइकाचीच सायकल घेऊन आले. हुस्नबानूचाची आल्या. मी म्हटलं, "चाची, तिचा रोजा होता ना, म्हणून..."

चाची म्हणाल्या, "कसला रोजा? ईदनंतर तिनं एकही धरलेला नाही. काल दुपारी माझ्यासमोर जेवली. पाणी दिलं तर म्हणे मैदानावर पिऊन आले." मग त्या डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "बेटा, रोजा सोडताना पहिला मान खजुराला आणि पाण्याला असतो. काटा उतरवायला का कुणी रोजा धरतं?"

आम्हाला सांगायची रोजा आहे. घरी सांगायची मैदानावर प्यायले. रमझानमध्ये रोजे खरेच होते, पण सोडल्यावरही घोटभरच पाणी घ्यायची. शुद्धीवर आल्यावर तिनंच हे सांगितलं. मी चिडून विचारलं, का गं असं? तर म्हणाली, "उंची वाढली, त्यात माझा काय दोष? कॅप्टननं घरी बसायचं का? आणि रोजा म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही, सगळे गप्प होतात. तुझी आत्यासुद्धा." आत्या, ती तुझा सलाम ऐकून लाजली नव्हती.

सर दाराशी उभे होते. त्यांनी हे सगळं ऐकलं. मला म्हणाले, "चल, तुझं वजन राहिलंय."

मैदानावर परत येताना माझं तोंड कोरडं पडलं होतं. सकाळपासून मी पाणी प्यायले नव्हते. कुणी तोडलं नव्हतं गं; भीती. तू बजावलं होतंस तरी. मला माहीत होतं, अशीच कोरडी चढले तर नक्की पास होईन. पण दवाखान्यातली ती बाटली आणि नळी डोळ्यांपुढून जाईना. पंचांच्या टेबलाखाली त्यांच्यापुरती पाण्याची कळशी ठेवली होती, रांगेतल्या मुलींसाठी नव्हे. मी वाकले, पेला बुडवला आणि सगळा प्यायले. मग अजून एक.

दत्तोबा पंच ओरडले, "ए पोरी, तुझं वजन व्हायचंय अजून!"

मी म्हटलं, "म्हणूनच पितेय. मी प्यायल्यावर जेवढी आहे तेवढीच खरी आहे."

काट्यावर चढले. काटा पन्नासच्या खाली थांबला. केसभर, पण खाली.

मी उतरले आणि सरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते टेबलापाशी गेले, कळशी उचलली आणि आमच्या रांगेपुढे आणून ठेवली. "माझ्या संघातल्या सगळ्यांनी आधी पाणी प्यायचं. मग चढायचं."

आमच्यातली मंदाकिनी रडायला लागली, "सर, मी वर जाईन!"

"मग वरच्या गटात खेळशील."

"तिथे आपला संघच नाही!"

"उभा करू."

ती प्यायली, आणि वर गेली. अजून एक मुलगी वर गेली. जुबेदा तर खाटेवर. कबड्डीला लागतात त्या सातजणी काही उभ्या राहिल्या नाहीत. सर स्वतः गेले आणि त्यांनी आमच्या संघाचं नाव काढून घेतलं. दुसऱ्या मंडळाचे एक जण म्हणाले, "काय सर्जेराव, पाण्यात घातलात की संघ!" सर म्हणाले, "पाण्यातच घातलाय. दवाखान्यात नाही." येत्या रविवारी सगळ्या मंडळांची सभा आहे, तिथेही हा विषय निघेल म्हणतात.

घरी येऊन मी खूप रडले. आई जवळ बसली. थोड्या वेळानं तांब्या पुढे करून म्हणाली, "रडायलाबी पाणी लागतंया. पी आधी."

जुबेदा काल घरी आली. बरी आहे. चाची स्वतः समोर बसून तिला पाणी पाजतात आणि पेला रिकामा दाखवल्याशिवाय उठू देत नाहीत. सर तिला भेटायला गेले होते. काय बोलले ते ती सांगत नाही, पण मी गेले तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि ती हसत होती.

तुझी,
मैना

*

विश्रांतवाडी,
२१ फेब्रुवारी १९९७

सर्जेराव सर यांस,
विजयमालाचा सविनय नमस्कार.

आपली ओळख एका टोल्यापुरती. तरीही लिहिते, कारण मैनाचं पत्र वाचल्यापासून आपल्याला नमस्कार केल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

मी पुष्कळ भाषणं केली आणि पुष्कळ मोठ्या माणसांची ऐकली. स्वतःच्या हातानं घडवलेला संघ, सगळ्या पुण्यासमोर, एका कळशीसाठी मागे घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. 'तहान मारा' हे आपल्याला कुणी शिकवलं असेल, त्यांना आणखी कुणी. बापाकडून मुलाकडे जमीन जाते तशी ही तहान एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर चालत आली. रविवारी ती आपल्या हातात आली आणि आपण ती पुढे दिली नाहीत. मोठेपणा म्हणतात तो हाच.

त्या दोन मुलींचं काय सांगू? मैनानं तीन महिने घालवून मिळवलेलं वजन दोन पेले पाण्यानं पणाला लावलं. जिंकली, आणि जिंकूनही खेळायला मिळालं नाही. तरी तिच्या पत्रात आपल्याविरुद्ध एक अक्षर नाही. आणि जुबेदा! कुलपापुढे पहिली उभी राहणारी मुलगी आपल्या तहानेबद्दल मात्र एकटीच गप्प राहिली, कारण आपण सगळ्यांनी तिच्या संयमाचं कौतुक केलं आणि तिला पाणी विचारलं नाही. मी त्यात सगळ्यांत पुढे होते. यापुढे मी कौतुक नंतर करीन, आधी पेला पुढे करीन.

पण सर, एका संघानं केलं ते एका संघापुरतं राहतं. पुढच्या वर्षी पुन्हा ऊन असेल, रांग असेल, टेबलाखाली कळशी असेल, आणि कुठल्यातरी मंडळाची कुठलीतरी उंच झालेली मुलगी फुटलेले ओठ घेऊन काट्याकडे बघत असेल. तिचं नाव आपल्याला माहीत नाही. तिच्या घरच्यांना वाटत असेल ती मैदानावर पिते, मैदानाला वाटत असेल तिचा उपवास आहे. तिला आपण दोघे ओळखत नाही, म्हणूनच तिच्यासाठी नियम हवा.

मैना सांगते, येत्या रविवारी सगळ्या मंडळांची सभा आहे. तिथे आपण उठून उभे राहा. लोक हसतील, आपल्याला हसणाऱ्यांना उत्तर देता येतं हे मला ठाऊक आहे. ठराव मांडा: वजनाच्या काट्याशेजारी पाणी ठेवलं जाईल, प्रत्येक मुलगी पंचांसमोर पेलाभर पाणी पिऊन मगच काट्यावर चढेल, जिचा उपवास असेल तिचं वजन उपवास सुटल्यावर होईल. दुसरं काही बोलू नका, कुणाचा दोष काढू नका. एवढा एक ठराव वाचा आणि मत घेतल्याशिवाय खाली बसू नका.

आपली,
विजयमाला